आक्कांनी सांभाळलेला हात

आक्का, तुम्हाला वेड लागलं नव्हतं. हे सगळ्यात आधी सांगते, कारण परवा तुम्हाला मातीआड करून माणसं परतली आणि आपल्याच ओट्यावर टेकून त्यांनी तुमचा निकाल लावून टाकला. "बाई लई गुनाची, पन शेवटाला डोस्कं फिरलं." कुणी मान हलवली, कुणी चुकचुकलं. मी आत चुलीपाशी होते. पदर खोचून बाहेर येणारच होते, तेवढ्यात दारात बसलेल्या दादांनी, तुमच्या मालकांनी, माझ्याकडे बघितलं आणि मी जागच्या जागी बसले. जन्मभर तुमच्याशी भांडले. तुमच्या बाजूनं भांडायची पाळी आली तेव्हा नेमकं गप्प बसावं लागलं, म्हणून आज हे लिहायला घेतलं आहे.

तुम्हाला वाचता येत नव्हतं. मी शाळेतून काही आणलं की तुम्ही म्हणायचात, "वाच मोठ्यानं, मी निवडाया बसते." तसंच समजा. सूप घ्या पुढ्यात आणि ऐका.

लग्न होऊन या घरात आले तेव्हा मी नगरला शिकलेली मास्तरीण आणि तुम्ही थोरल्या सूनबाई. पहिल्याच दिवशी मी "अहो जाऊबाई" म्हणाले, तर तुम्ही म्हणालात, "जाऊबाई म्हनलं की भांडान आलंच. आक्का म्हन." आक्का म्हटल्यानं भांडण टळलं असं काही झालं नाही. कालवणात मीठ किती, शेण कुणी काढायचं, रविवारी उपासनेला जाताना घरी कुणी थांबायचं, कशावरूनही आपलं जुंपायचं. "नाव शांता आन तोंड गिरनीवानी," असं तुम्ही अख्ख्या आळीला सांगून ठेवलं होतं.

गिरणीवरून तर आपला कायमचाच वाद. पारनेरला पिठाची गिरणी सुरू झाली तेव्हापासून मी म्हणत होते, दळण तिकडे देऊ. तुम्ही ऐकायला तयार नव्हता. गिरणीचं पीठ गरम येतं, त्याचा चिकटपणा जातो, भाकरी थापताना कडेला चिरते. "आन सकाळच्या पारी मंग तू आन मी काय करायचं? यकमेकीचं तोंड बघत बसायचं?" हा तुमचा शेवटचा मुद्दा असायचा. मग मी दळणाची पाटी पुढे ओढायचे.

कारण पहाटे जात्यावर बसलो की आपली तोंडं बंद व्हायची. समोरासमोर बसायचं, एका खुंट्याला दोघींचे हात, एकावर एक. उजवा दमला की डावा, माझा दमला की तुमचा. कुठला हात कुणाचा ते बघायची गरजच पडली नाही. जात्यात बाजरी आहे की ज्वारी, दाणा नुसता भरडतोय की बारीक होतोय, हे खुंट्यातून तळव्याला कळायचं. तो खुंटा लाकडाचा आहे हेही आपण विसरून जायचो. लढाई सुरू झाली, आमचे हे मोटार चालवायला फौजेबरोबर गेले, आणि त्यांचा ठावठिकाणा कळेनासा झाला तेव्हा मी जात्यावर बसून रडायचे. तुम्ही कधी एका शब्दानं समजूत घातली नाहीत. माझ्या हातावरचा तुमचा हात तेवढा घट्ट व्हायचा आणि त्या दिवशी जातं तुम्ही एकट्या ओढायचात. आक्का, त्या हातानं मला त्या दिवसांतून ओढून बाहेर काढलं. तेव्हा हे बोलले नाही. जावाजावांनी एकमेकींचे आभार मानायची आपल्यात रीत नाही.

हे लढाईवरून सुखरूप परत आले आणि त्याच साली बाजरीची खुडणी चालू असताना तुम्ही रानात कोसळलात. बैलगाडीतून घरी आणलं तेव्हा डावं अंग लुळं पडलं होतं. तोंड जरा वाकडं, पण वाचा शाबूत. माणसं ओळखत होतात, गाईला पेंड घातली का म्हणून विचारत होतात. मी देवाचे आभार मानले. म्हटलं, आक्का आहेत, अंगाचं काय, येईल हळूहळू ताकद.

दुसऱ्या दिवशी मी तुम्हाला पेज भरवत होते. तुम्ही अचानक कपाळाला आठ्या घातल्या. "शांते, हात काढ गं माज्या प्वाटावरनं. वजन हुतंय."

मी बघितलं. तुमचाच डावा हात तुमच्या पोटावर पडला होता. मला वाटलं थट्टा करताय. मी म्हटलं, "आक्का, हा तुमचा हात आहे."

"माजा हात मला कळत न्हाई व्हय? तुजाच हाय. पाटंपासून ठिवलायस."

मी वाटी खाली ठेवली आणि माझे दोन्ही हात तुमच्या डोळ्यांपुढे धरले. "हे माझे दोन. मग हा कुणाचा?"

तुम्ही तिन्ही हातांकडे नीट बघितलंत, आणि अगदी शांतपणे म्हणालात, "तुला कामं जास्त. देवानं तीन दिलं असतील."

मी बाहेर जाऊन रडले. मग मात्र माझ्यातली मास्तरीण जागी झाली. धडा समजेपर्यंत पोराला सोडायचं नाही ही माझी खोड तुम्हाला माहीत आहे. मी तुमचा डावा हात उचलून करंगळीजवळचा विळ्याचा वण दाखवला. "गवत कापताना लागला होता, आठवतं?" तुम्ही म्हणालात, "तुला बी लागला असंल, विळा काय माज्याच वळखीचा हुता?" मी तुमचा उजवा हात धरून त्या डाव्या हातावरून खांद्यापासून बोटांपर्यंत फिरवला, बघा कुठं जोडलाय. तुम्ही वैतागलात. "माज्या अंगावर रेलून बसलीयास आन वर मलाच शिकीवतीस." आठवडाभर आपण तसं भांडलो. आयुष्यात पहिल्यांदाच असं झालं की भांडणात मी बरोबर होते आणि तरीही हरत होते.

शेवटी दादा आणि मी तुम्हाला उतारूंच्या सर्व्हिस मोटारीनं नगरला नेलं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तुम्हाला उलटसुलट प्रश्न विचारले आणि मग आम्हाला बाजूला बोलावलं. दादा अंग चोरून उभे होते. त्यांना कळेल अशा शब्दांत बाई बोलल्या. म्हणाल्या, आपल्या अंगाचा सातबारा मेंदूत असतो. डोळा बघतो, कातडी सांगते, सांधा सांगतो, आणि सगळ्यांची साक्ष जुळली की मेंदू म्हणतो, हा हात माझा. यांच्या मेंदूच्या उजव्या बाजूची एक रक्तवाहिनी बंद पडली आणि डाव्या हातापुढचं मालकाचं नाव पुसलं गेलं. जमीन जागेवर आहे, नाव नाही. मग मेंदूला रिकामी जागा चालत नाही, तो जवळच्या माणसाचं नाव घालतो.

"त्या खोटं बोलत नाहीत, आणि वेड्याही नाहीत," बाई म्हणाल्या. "वाद घालू नका. डोळ्यांना दिसतं, पण पटायची जागाच बिघडली आहे. फक्त त्या हाताला जपा. रोज चोळा, हलवा, नाहीतर आखडेल, जखमा होतील. त्या स्वतः त्याची काळजी घेणार नाहीत."

येताना मोटारीत मी एकच गोष्ट धरून बसले होते. जवळच्या माणसाचं नाव, असं बाई म्हणाल्या होत्या. दादांचं नाही, तुमच्या आईचं नाही, माझं.

बाईंचं म्हणणं चारच दिवसांत खरं ठरलं. तुम्हाला चुलीजवळ टेकवून मी पाणी आणायला गेले. परत येते तो घरात करपल्याचा वास. तुमचा डावा हात घरंगळून तव्याच्या कडेला टेकला होता आणि तुम्ही निवांत बसला होतात. मला बघून म्हणालात, "शांते, तुजा हात भाजतोय बग. ध्यान कुटं आसतं तुजं?"

फोडांवर कोरफड लावताना माझ्या तोंडून ते निघून गेलं. "हो आक्का, माझाच आहे. माझं ध्यान नसतं. शाळेत जाताना तुमच्याकडे ठेवून गेले तर सांभाळाल का?"

तुम्ही माझ्याकडे इतक्या मायेनं बघितलंत की मला मान वर करवेना. "त्यात इचारायचं काय? ठिव की."

त्या दिवसापासून त्या हाताचं नशीब पालटलं. स्वतःच्या हाताची तुम्ही जन्मात कधी पर्वा केली नव्हती. काटा घुसला तर दातानं काढून कामाला लागणाऱ्या तुम्ही. पण माझा हात म्हटल्यावर तुम्ही त्याच्यासाठी गोधडीची घडी करून उशी मागून घेतलीत. उजव्या हातानं त्याला तेल चोळायचात, एकेक बोट उघडून मिटायचात, पदरानं माश्या वारायचात. चुलीकडे सरकवलं तर आधी त्याला मांडीवर घ्यायचात. मी शाळेतून आले की हिशेब द्यायचात, "आज बोटं जरा मऊ हाईत. उद्या मोहरीचं त्याल आन." डॉक्टरीणबाईंनी पुढच्या खेपेला हात बघितला आणि म्हणाल्या, छान ठेवलाय.

एकदा मला विचारलंत, "तुजा यक हात माज्यापाशी, मंग दळतीस कशी?" मी सांगितलं, दळण आता पारनेरला गिरणीत जातं. तुम्ही इतक्या हसलात की ठसका लागला. "म्हंजी हात माज्याकडं गुतवला आन गिरनी जिंकली! मास्तरीण खरी तू." त्या दिवशीची भाकरी कडेला चिरली होती. तुम्ही बघितलंत, पण बोलला नाहीत.

आक्का, इथपर्यंत सगळं मला सांगायला गोड वाटतं. पण मी त्या हाताला माझं नाव लावलं त्याची किंमत दादांना पडली, हेही मला सांगितलं पाहिजे.

दादा म्हणजे अबोल माणूस. उभ्या संसारात तुमचा हात त्यांनी चारचौघांत धरला नसेल. एका दुपारी ते रानातून लवकर आले आणि तुमच्या बाजेच्या डाव्या अंगाला टेकले. मी उंबऱ्यात तांदूळ निवडत होते. त्यांनी तुमचा डावा हात उचलून आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि डोळे मिटले. तुम्ही मान वळवून बघितलंत आणि एकदम ओरडलात, "अवो! धाकल्या भावाच्या बायकूचा हात धरताय? लाज न्हाई वाटत?"

दादांनी निखारा टाकावा तसा हात सोडला. थोरल्या दिरानं धाकट्या भावजयीच्या सावलीतसुद्धा येऊ नये असं आपलं वळण. ते पोरासारखे लालबुंद झाले. मी तांदळात तोंड खुपसलं. मला हसू आलं की रडू ते अजूनही सांगता येत नाही. त्यानंतर दादा तुमच्या उजव्या बाजूलाच बसायला लागले, आणि तुमचा उजवा हात कायम माझ्या हाताच्या तैनातीत असायचा. त्यांच्यासाठी काही उरलंच नाही.

मग मुंगळ्याचा दिवस आला. थंडीचे दिवस, तुम्हाला अंगणात उन्हाला बाजेवर उजव्या कुशीवर निजवलं होतं. डाव्या कानात मुंगळा शिरला आणि तुम्ही आकांत मांडलात. तेल शोधायला वेळ कुठला, मी रांजणातलं बर्फासारखं पाणी तांब्यानं कानात सोडलं, मुंगळा बाहेर येईपर्यंत सोडत राहिले. तुमची बुबुळं झरझर एका बाजूला धावायला लागली. "घर फिरतंय गं," म्हणालात आणि ओकलात. मी घाबरून तुम्हाला धरून बसले.

जरा वेळानं तुम्ही शांत झालात. डाव्या हाताकडे टक लावून बघत राहिलात. मग उजव्या हातानं त्या विळ्याच्या वणावरून बोट फिरवलंत.

"शांते, ह्यो माजाच की गं हात."

मी तुमच्या कानावरचं पाणी पदरानं टिपलं.

"मेलाय न्हवं? हलंना." आणि मग, "आता मी जात्यावर बसायची न्हाई, व्हय?"

मी नुसती मान हलवली. तुमचे डोळे भरून आले. पण हातासाठी नाही. "मंग मी तुला कशापायी बोलले गं? रेलू नगस म्हनले, हात काढ म्हनले. तुजं काय बी नव्हतं त्यात." तुम्ही माझ्या गालाला हात लावून रडलात. मी चुलीवर भाकऱ्या टाकून बाहेर येईपर्यंत तुम्ही पुन्हा त्या हाताला उशीवर नीट ठेवत होतात. "शांते, तुजा हात गारठलाय. पांघरून आन." मघाचं काहीही आठवत नव्हतं.

संध्याकाळी मी दादांना सगळं सांगितलं. ते उठून उभेच राहिले. "आन मी रानात हुतो," एवढंच आधी म्हणाले. मग म्हणाले, "रोज घाल पानी. घटकाभर का हुईना, तिला तिचं अंग भेटंल."

मी नाही म्हटलं. दादांसमोर मी पहिल्यांदा आवाज चढवला. म्हटलं, "रोज त्यांना नव्यानं कळणार की आपलं अर्धं अंग गेलं. रोज त्या पहिल्यांदा रडणार. मी हे करणार नाही."

"तू म्हनलीस हात तुजा," दादा म्हणाले. "मंग माजं काय ऱ्हायलं? उद्या ती देवापुढं अर्ध्याच अंगानं जानार का?"

डॉक्टरीणबाईंनाही विचारलं. त्या म्हणाल्या, गार पाण्यानं कान आणि मेंदू यांच्यात काही ढवळलं जात असावं. पण ते टिकत नाही आणि त्रास मात्र होतो. करायचं की नाही, ते घरच्यांनी ठरवावं. शिकलेल्या माणसाकडून उत्तर घ्यायला गेले आणि प्रश्न घेऊन परत आले.

मी पाणी घातलं नाही. दादा स्वतः घालू शकत होते. एका दुपारी मी शाळेतून आले तर ते भरला तांब्या घेऊन तुमच्या उशाशी उभे होते. तुम्ही त्यांना सांगत होतात, "बगा, शांतीच्या हाताची नखं वाढली. माज्यानं यका हातानं कापवत न्हाईत." तुमचा चेहरा कामात असलेल्या माणसासारखा होता, समाधानी. दादांनी तांब्या अंगणातल्या शेवग्याच्या बुंध्याशी रिता केला आणि बैल सोडायला गेले. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही.

आमचं चुकलं की बरोबर, आक्का, मला अजून कळलेलं नाही. तुमच्या अंगाचा तो भाग तुम्हाला दाखवून रडवायचं, की दडवून हसत ठेवायचं? मुलांना मी शिकवते की खरं बोलावं. पण त्या खोट्यामुळेच तो हात जगला, आणि त्या खोट्यामुळेच तुम्हीही काही दिवस कुणाच्या तरी उपयोगी पडत राहिलात. निजून राहिलेल्या तुम्हाला तेवढंच हवं होतं, हे मला ठाऊक आहे. मी ओळखते तुम्हाला.

परवा सकाळी तुमचा श्वास जड झाला. पाळकसाहेब प्रार्थना करून गेले. तुम्ही मला खुणेनं जवळ बोलावलंत. तोंडाला कान लावावा लागला.

"शांते, तुजा हात घिऊन जा."

"राहू दे आक्का, घाई काय आहे."

"आगं नगं. लोक माज्यासंगं पुरत्याल."

आक्का, लोक म्हणतात डोकं फिरलं होतं. मरणाच्या दारात पाय असताना तुम्हाला माझ्या हाताची काळजी. मी माझा डावा हात तुमच्या उशीवरून उचलून तुमच्या डोळ्यांपुढे धरला, बोटं हलवून दाखवली. "हा बघा. घेतला."

तुम्ही बघितलंत. खात्री पटली तुमची. "बरं झालं," म्हणालात आणि डोळे मिटलेत. दुपार व्हायच्या आत तुम्ही गेलात.

बायकांनी तुम्हाला आंघोळ घातली, नवं लुगडं नेसवलं. पेटी यायची होती. बायका जरा बाजूला झाल्या तेव्हा दादा आत आले. रोजच्या सवयीनं उजव्या अंगाला बसले. मग उठले, बाजेला वळसा घालून डाव्या बाजूला आले आणि खाली टेकले. त्यांनी तुमच्या डाव्या हाताकडे बघितलं, पण हात लावला नाही. मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "धरू का?"

मी म्हटलं, "दादा, तो आक्कांचा आहे."

त्यांनी हात धरला. पेटी दारात आली, माणसं आत आली, पाळकसाहेबांनी खांद्याला हात लावला, तरी दादा उठले नाहीत. आक्का, कुणीही त्यांना सोडा म्हणालं नाही.